ग्रामआरोग्य कार्यकर्तीचे प्रशिक्षण (जामखेड पद्धत)

गावातल्याच बाईला आरोग्य, आजार आणि उपचार यांच्या मूलभूत कल्पना शिकवून गावाच्या प्राथमिक आरोग्याची जबाबदारी तिच्याकडे सोपवण्याची पद्धत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात ती आकाराला आली.

प्रकल्पाने आधी प्रशिक्षित नर्सबाईंना खेड्यात ठेवून पाहिले. परक्या गावात एकट्या बाईने राहणे कठीण होते आणि गावकऱ्यांनाही ती आपली वाटेना. म्हणून गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, असे ठरले. निवडलेल्यांत अनेकजणी निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. त्यांना शिकवायचे तर पाठ्यपुस्तक निरुपयोगी होते. चित्रे, गाणी, गोष्टी आणि प्रत्यक्ष रुग्ण हीच साधने ठरली.

प्रशिक्षण एकदाच उरकले जात नसे. कार्यकर्त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, आठवडाभरात गावात काय घडले ते सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा निघे. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. हा मुक्काम अभ्यासक्रमाइतकाच मोलाचा होता. शिवाशिव पाळणारी कार्यकर्ती गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाऊ शकत नाही. आणि जिला स्वतःचीच किंमत वाटत नाही, तिचा सल्ला गाव ऐकत नाही. म्हणून आत्मविश्वासावरही औषधांइतकाच वेळ खर्च होई.

आजाराविषयीच्या रूढ समजुती हा प्रशिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग. देवीचा कोप, दृष्ट, बाहेरची बाधा अशी कारणे गावोगाव मानली जात. पोट मोठे होऊन बाळंतपण अडेल म्हणून गरोदर बाईला कमी खायला देत. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडत. समजुतीची टिंगल केली तर माणसे बोलणेच बंद करतात. उलट, तिच्यामागे कित्येकदा अचूक निरीक्षण असते. जुलाबात तान्ह्याची टाळू खोल जाते, हे आजीला ठाऊकच असते. ती तेल भरून टाळू वर आणू पाहते. टाळू खोल गेली म्हणजे अंगातले पाणी आटले, एवढा दुवा कार्यकर्तीने जोडून द्यायचा. मग एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजायचे, अंगावरचे दूध चालू ठेवायचे. मूल सुस्त पडले किंवा शौचातून रक्त गेले, तर दवाखाना गाठायचा. आपल्या हाताबाहेरचे काय, हे ओळखणे याच शिक्षणाचा गाभा आहे.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याआधीच्या वर्षी अल्माआटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा झाली होती. तिच्या पूर्वतयारीत जागतिक आरोग्य संघटनेने ज्या लोकाधारित प्रयोगांची दखल घेतली, त्यांत जामखेड होते. महाराष्ट्रातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून घडवून घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे श्वास मोजणे हे त्यातले एक कौशल्य: दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरला, तर तो धोका समजायचा.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्ती देशभर नेली. साधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. नवजात बाळासाठी गृहभेटी हाही पुढे त्यांच्या कामाचा भाग झाला. आशांसाठी ठरावीक दिवसांची प्रशिक्षणसत्रे असतात. जामखेडचा आठवडी मुक्काम मात्र सरकारी रचनेत उतरला नाही, आणि ही उणीव मोठी आहे: गावात अडलेला प्रश्न घेऊन आठवड्याच्या आत शिक्षकापर्यंत पोचण्याची सोय त्या मुक्कामातच होती.