नीलीचे अश्रू

#धागा

राघव लॉरेन्स यांच्या ‘कांचना’ (२०११) या तमिळ भयपटाच्या अखेरीस खुनी आमदार जीव वाचवण्यासाठी देवळात शिरतो. भुताला देवळाचा उंबरठा ओलांडता येत नाही. तेव्हा कांचनाचे भूत देवतेपुढे आपली फिर्याद मांडते आणि आत जाण्याची मुभा मिळवते.

सूड घेणाऱ्या भुताने न्यायासाठी दाद मागावी, हे चमत्कारिक वाटेल. पण तमिळ प्रदेशात या कल्पनेला किमान तेराशे वर्षांचा इतिहास आहे. त्यासाठी चेन्नईच्या पश्चिमेस, तिरुवालंगाडूजवळच्या पळैयनूर या गावी जावे लागते.

कथा अशी : दागिन्यांच्या लोभाने एका पुरुषाने आपल्या पत्नीचा खून केला. पुढच्या जन्मी तो वाणी झाला, ती नीली नावाची पिशाच्च. प्रवासात तिने त्याला गाठले. त्याच्याजवळ मंतरलेले शस्त्र होते, म्हणून तिला त्याच्या अंगाला हात लावता येईना. मग लाकडाच्या तुकड्याचे मूल करून तिने ते कडेवर घेतले आणि ‘हा माझा नवरा, मला टाकून निघाला आहे’ असा आक्रोश करीत ती पळैयनूरच्या सत्तर वेळ्ळाळ शेतकऱ्यांच्या सभेपुढे उभी राहिली.

वाणी कळवळून सांगत होता, ही बाई नव्हे, पिशाच्च आहे. सभेने अश्रूंवर विश्वास ठेवला. त्याचे शस्त्र काढून घेतले आणि ‘तुझ्या जिवाला काही झाले तर आम्ही सत्तर जण प्राण देऊ’ असे वचन दिले. रात्री नीलीने त्याला मारले. सकाळी सत्तरही जणांनी अग्निप्रवेश केला.

सातव्या शतकातील शैव संतकवी संबंदर यांच्या तिरुवालंगाडूवरील पदांत या घटनेचा निर्देश आहे. वेळ्ळाळांच्या सत्यनिष्ठेची गाथा म्हणूनच ती पुढे सांगितली गेली. जिचा आधी खून झाला होता, तिचे दुःख मात्र मागे पडले. इतके की ‘नीलीचे अश्रू’ म्हणजे तमिळमध्ये ढोंगी रडणे. आपण ज्याला नक्राश्रू म्हणतो, तेच.

तिचे ऐकून घेणारे एक काव्य आहे, ‘नीलकेसी’. त्यात नीली स्मशानातल्या जैन मुनीला घाबरवू पाहते. तो ढळत नाही. उलट तीच त्याची शिष्या होते आणि गावोगावी जाऊन बौद्धादी पंडितांना वादात हरवते. पिशाच्चाच्या मुखी तर्कशास्त्र देणारी अशी दुसरी जुनी कृती माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता पुन्हा कांचनाकडे. ही तृतीयपंथी स्त्री, घरातून हाकललेली. रुग्णालयासाठी घेतलेली तिची जमीन आमदार बळकावतो आणि तिला ठार करतो. चित्रपटापूर्वी तीनच वर्षे, २००८ साली, तमिळनाडूने तृतीयपंथीयांसाठी देशातील पहिले कल्याण मंडळ स्थापले होते. ‘तिरुनंगै’ हा आदराचा शब्दही त्याच सुमारास सरकारी व्यवहारात रुळत होता. चित्रपट त्या वाऱ्याबरोबर गेला खरा, पण पूर्वार्धात बायकी हावभावांवर हशाही भरपूर वसूल केला. ही त्याची उणीव आहेच.

तरीही शरत्कुमार यांनी साकारलेली कांचना पूर्वायुष्याची कथा सांगू लागते, तेव्हा तो हशा थांबतो. २०२०च्या ‘लक्ष्मी’ या हिंदी आवृत्तीत ही भूमिका शरद केळकर यांनी केली. मराठी प्रेक्षकांतील अनेकांनी ती तिथेच पाहिली असेल.

नीलीने सभेपुढे खोटे सांगितले आणि तिच्यावर विश्वास ठेवला गेला. कांचना खरे सांगते, पण तिच्यासमोर सभाच नाही. आहे ती फक्त देवळातली मूर्ती.