एका शिक्क्याचे मोल

परदेशी निघालेल्या मुलाच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का उमटला की घरात समाधान पसरते. सामान्य प्रवाशाच्या बाबतीत तो प्रश्न त्याच्यापुरताच असतो. परंतु अर्जदार एखाद्या प्रदेशाचा राष्ट्राध्यक्ष असेल आणि त्या प्रदेशाचे राष्ट्रत्वच वादग्रस्त असेल, तर तोच शिक्का मान्यतेची खूण समजला जातो. तैवानच्या इतिहासात याचा प्रत्यय दोनदा आला.

१ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने बीजिंगच्या साम्यवादी शासनाला चीनचे एकमेव कायदेशीर सरकार म्हणून मान्यता दिली आणि तैवानशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. व्यापार व इतर व्यवहार अनौपचारिक पातळीवर चालू राहिले. मात्र तैवानच्या राष्ट्राध्यक्षांना अमेरिकेच्या भेटीस येऊ द्यायचे नाही, असा दंडक पडला. मे १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई मध्य अमेरिकेकडे जात असता त्यांचे विमान इंधनासाठी होनोलुलूला उतरले. तेथे रात्रीचा मुक्काम करण्यास त्यांना अनुमती मिळाली नाही. हा अपमान मानून ली विमानातच बसून राहिले.

ली हे प्रेस्बिटेरियन पंथाचे श्रद्धावान ख्रिस्ती आणि कॉर्नेल विद्यापीठाचे १९६८ चे डॉक्टरेट. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने माजी विद्यार्थी म्हणून त्यांना भाषणाचे निमंत्रण दिले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरेन ख्रिस्तोफर यांनी एप्रिल १९९५ मध्ये चीनच्या परराष्ट्रमंत्र्यांना सांगितले की, असा व्हिसा देणे अनौपचारिक संबंधांच्या धोरणाशी विसंगत ठरेल. मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने ३९६ विरुद्ध शून्य, तर सिनेटने ९७ विरुद्ध एक अशा मतांनी व्हिसा देण्याचा आग्रह धरला. क्लिंटन शासन नमले व ‘खाजगी भेट’ म्हणून परवानगी देण्यात आली.

९ जून रोजी कॉर्नेल येथे केलेल्या भाषणात ली यांनी ‘तैवानवरील चीनचे प्रजासत्ताक’ हा शब्दप्रयोग वारंवार केला. भेटीचे खाजगीपण तेथेच संपले. चीनने आपला राजदूत माघारी बोलावला, जुलैमध्ये तैवाननजीकच्या समुद्रात क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेतल्या आणि मार्च १९९६ मध्ये त्यांची पुनरावृत्ती केली. अमेरिकेने विमानवाहू नौकांचे दोन ताफे धाडले. त्याच महिन्यात तैवानच्या पहिल्या थेट अध्यक्षीय निवडणुकीत ली सुमारे ५४ टक्के मते मिळवून विजयी झाले.

या संघर्षाची मुळे अर्थातच खोल होती. तरीही चीनच्या संतापाला केवळ व्हिसा कारण झाला नाही. महिन्याभरापूर्वी दिलेला शब्द फिरवला गेला, हेही त्याला तितकेच झोंबले.

दुसरा प्रसंग रोमचा. परमपीठाचे राजनैतिक संबंध तैवानशी आहेत, बीजिंगशी नाहीत. ८ एप्रिल २००५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्या अंत्यविधीस तैवानचे राष्ट्राध्यक्ष चेन श्वेइ-ब्यान उपस्थित राहिले. व्हॅटिकनला स्वतःचा विमानतळ नाही. तेथे जायचे तर इटलीच्या भूमीतूनच जावे लागते आणि इटलीचे संबंध मात्र बीजिंगशी होते. परंतु परमपीठाकडे येणाऱ्या परराष्ट्रांच्या दूतांना इटलीने वाट द्यावी, हे १९२९ च्या लॅटरन कराराने आधीच ठरवून दिले होते. चीनने तीव्र नाराजी व्यक्त केली आणि अंत्यविधीस प्रतिनिधी पाठवला नाही. तथापि प्रकरण निषेधापलीकडे गेले नाही.

दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे नाहीत. वॉशिंग्टनच्या सामर्थ्याची धास्ती बीजिंगला जितकी वाटते, तितकी परमपीठाची वाटत नाही. परंतु एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. एका ठिकाणी दाराशी पाहुणा आल्यावर नियम शोधला गेला, एकाला नकार व दुसऱ्याला होकार कळवला गेला. दुसऱ्या ठिकाणी नियम शहात्तर वर्षे आधीच लिहिलेला होता, आणि तो कोणा एका पाहुण्याकडे पाहून लिहिलेला नव्हता. राष्ट्रांनाही विचारपूर्वक शब्द द्यावा लागतो, कारण तो मोडला तर त्याची किंमत सीमेवरच्या सामान्य माणसांना भयाच्या रूपाने मोजावी लागते. मार्च १९९६ मध्ये तैवानच्या किनाऱ्यावरील कुटुंबांनी ती मोजली.