सुईविना लस : फ्लूच्या विषाणूला थंडीने कसे माणसाळवले?

१/ ऑगस्ट २००९, पुणे. ३ तारखेला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. लस तेव्हा जगात कुठेच बाजारात आलेली नव्हती. वर्षभरात ती याच शहरात तयार झाली, तीही सुईविना. तिचे मूळ मात्र रशियात, लेनिनग्राडमध्ये होते.

२/ फ्लूचा शरीरात शिरण्याचा मार्ग शास्त्रज्ञांना फार पूर्वी उमगला होता. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील द्राव गाळून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडला. फेरेट आजारी पडले आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथमच हाती आला.

३/ लस मात्र दंडातून गेली. थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी अमेरिकी सैन्यासाठी मृत विषाणूंची लस सिद्ध केली. १९४५ मध्ये ती नागरिकांसाठीही मान्य झाली. तिने रक्तात प्रतिपिंडे तयार होत. पण विषाणू जिथे पहिले पाऊल ठेवतो, त्या नाकाच्या अस्तरात तिचे संरक्षण तोकडे पडे.

४/ दुसरी अडचण वेगाची होती. लाखो लोकांना थोड्या दिवसांत टोचायचे कसे? उत्तर म्हणून ‘जेट इंजेक्टर’ पुढे आला : प्रचंड दाबाने केसासारख्या बारीक छिद्रातून लसीची धार थेट त्वचेत शिरवणारी बंदूक. अमेरिकी सैन्यासाठी काम करणाऱ्या ॲरन इस्मॅक यांनी तिला पायाने चालणारा पंप जोडला. वीज नसलेल्या खेड्यातही तासाला हजारभर लोकांना लस देता येऊ लागली. पश्चिम आफ्रिकेतील देवीनिर्मूलनात ही बंदूक मोलाची ठरली.

५/ १९७६ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स छावणीत स्वाइन फ्लू आढळला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी संपूर्ण देशाला लस देण्याचे ठरवले. ठिकठिकाणी जेट बंदुका सज्ज झाल्या आणि सुमारे १० आठवड्यांत ४ कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली. साथ मात्र आलीच नाही. उलट काही लसवंतांमध्ये गिलेन-बारे हा मज्जातंतूंचा विकार दिसला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबली.

६/ त्या विकाराशी बंदुकीचा संबंध नव्हता. तिचा दोष पुढे उघड झाला. एकच तोंड एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाई आणि डोळ्यांना न दिसणारे रक्त त्याला चिकटून राही. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात अशाच एका यंत्रातून हिपॅटायटिस-बी पसरला. १९९७ मध्ये अमेरिकी सैन्याने या बंदुका बाजूला ठेवल्या. प्रत्येकासाठी नवे तोंड वापरणारे जेट यंत्र फ्लूच्या लसीसाठी मान्य व्हायला २०१४ साल उजाडले.

७/ लेनिनग्राडमध्ये वेगळीच वाट चोखाळली जात होती. १९३० च्या दशकापासून अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह आणि त्यांचे सहकारी जिवंत विषाणू नाकावाटे देण्याचे प्रयोग करत होते. पेच नाजूक होता. विषाणू फार दुबळा केला तर प्रतिकारशक्ती येत नाही. पुरेसा दुबळा झाला नाही तर तोच ताप आणतो.

८/ हा पेच थंडीने सोडवला. माणसाचे नाक फुप्फुसांपेक्षा काही अंशांनी थंड असते. विषाणूला २५ अंश सेल्सिअसवर वाढायची सवय लावली, तर तो नाकात जेमतेम वाढतो, प्रतिकारशक्तीला जागे करतो. फुप्फुसांच्या ३७ अंशांच्या उबेत मात्र त्याची वाढ खुंटते.

९/ अमेरिकेतील ॲन आर्बर येथे हुनेन मासाब यांनी हेच केले. दमास्कसमध्ये जन्मलेले मासाब हे थॉमस फ्रान्सिस यांचेच शिष्य. १९६० मध्ये मिळालेला विषाणू त्यांनी कोंबडीच्या पिलांच्या मूत्रपिंडपेशींत वाढवला आणि तापमान पायरीपायरीने खाली आणले. १९६७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर आधारलेली नाकातली लस अमेरिकेत मान्य झाली २००३ मध्ये. १९३३ च्या फेरेटपासून मोजले तर ७० वर्षांनी.

१०/ शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूला लेनिनग्राडनेही १९५७ च्या साथीतला विषाणू २५ अंशांवर माणसाळवला होता. त्याचा उपयोग पुनःपुन्हा करता येई. फ्लूच्या आठ जनुकखंडांपैकी सहा या थंडावलेल्या विषाणूचे ठेवायचे आणि पृष्ठभागाचे दोन नव्या साथीच्या विषाणूचे घ्यायचे, की नवी लस तयार!

११/ २००९ मध्ये श्रीमंत देशांनी लसीच्या मात्रा आगाऊ राखून ठेवल्या होत्या. अशा वेळी जिवंत लसीचा एक गुण भारतासारख्या देशांना तारक होता : कोंबडीच्या एका अंड्यातून मृत लसीपेक्षा तिच्या कितीतरी अधिक मात्रा निघतात. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत लेनिनग्राडचे हे बियाणे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले आणि जुलै २०१० मध्ये ‘नॅसोव्हॅक’ बाजारात उतरली.

१२/ १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक साथ ओसरल्याची घोषणा झाली. म्हणजे पुण्याची लस आली ती साथीच्या अखेरच्या आठवड्यांत. पन्नास वर्षांपूर्वीचे बियाणे हाताशी असूनही एवढा वेळ लागला. ते नसते, तर पुण्याला अगदी आरंभापासून सुरुवात करावी लागली असती.