पिवळ्या धानाचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यात रोवणी आटोपून तीन आठवडे झालेले असतात. एखाद्या बांधीतले धान पिवळे दिसू लागते. शेतकरी फोन लावतो आणि विचारतो, ‘‘धान पिवळे पडले, कोणते औषध मारू?’’ पलीकडच्या जाणकाराला ही बांधी दिसत नाही आणि या प्रश्नाची त्याच्याकडे तीन-चार उत्तरे असतात.

नत्र कमी पडले तर खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात. गंधक किंवा लोह कमी पडले तर वरची कोवळी पाने आधी फिकी होतात. खोडकिडा लागला तर मधला पोंगा पिवळा पडून वाळतो आणि ओढला की सहज हातात येतो. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. चुकीचे औषध मारले तर पैसे जातात आणि गेलेले दिवसही परत येत नाहीत.

दुरून सल्ला मागण्यातली ही अडचण जुनी आहे. १८४५ साली युरोपातले बटाट्याचे पीक शेतातच सडू लागले. लंडनच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकात त्याची चर्चा सुरू झाली. कोणी दमट हवेला दोष दिला, कोणी विजेला. संपादक जॉन लिंडली यांचाही रोख पावसाळी हवेवरच होता. माइल्स बर्कली या धर्मोपदेशकाने मात्र रोगट पानावरच्या बारीक बुरशीकडे लक्ष वेधले आणि १८४६ साली तीच रोगाचे कारण असल्याचे मांडले. पुढे १८६१ मध्ये जर्मनीच्या अँटन डी बारी यांनी ते प्रयोगाने सिद्ध केले. तोवर आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे दुष्काळात दगावली होती.

आपल्या देशातली गोष्ट याच्या उलट आहे. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाजवळच्या तराई भागात धानाच्या पानांवर काताच्या रंगाचे डाग पडत. लोक त्याला ‘खैरा’ रोग म्हणत. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पती-रोगतज्ज्ञ. रोग म्हटला की बुरशी, जिवाणू, विषाणू शोधायचे हे त्यांचे शास्त्र. पण १९६६ साली त्यांनी दाखवून दिले, की येथे रोगजंतू नाहीतच. जमिनीतून पिकाला जस्त कमी मिळते आहे. झिंक सल्फेट आणि चुना पाण्यात मिसळून फवारला की पीक सुधारते. येथे बुरशीनाशक मारणाऱ्याचा खर्च वाया जाणार, हे उघड आहे.

दोन्ही गोष्टींचे सार एकच. दिसले ते वेगळे आणि त्यावरून आपण काढलेला तर्क वेगळा. सल्ला मागताना आधी दिसलेले सांगावे. तर्क नंतर सांगावा, तोही तर्क म्हणूनच.

२१ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. शेतकऱ्याने आपल्या भाषेत विचारावे, कृषी पदवीधराने उत्तर द्यावे आणि त्याला न सुटणारा प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे जावा, अशी ही रचना. सोय मोठी झाली; पण तारेपलीकडचा माणूस पूर्वीइतकाच आंधळा राहिला. त्याचे डोळे म्हणजे आपले शब्द. म्हणून सांगावे : वाण कोणता, रोवणी कधी झाली, पिवळेपणा जुन्या पानांवर की नव्या, साऱ्या बांधीत की ठिकठिकाणी, पाणी किती साचले आहे, कोणते खत-औषध कधी दिले आणि त्यानंतर काय फरक पडला.

वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याच्या हाती एखादे रोगट पान द्यावे. त्याने पाठमोऱ्या बसलेल्या मित्राला ते वर्णन करून सांगावे. ‘रोग’, ‘कीड’, ‘खराब’ हे शब्द वापरायचे नाहीत. मित्राने ऐकून चित्र काढावे. मग पान आणि चित्र शेजारी ठेवावे. कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, ते मुलांना आपोआप दिसेल.