उपकार कोणाचे? वारली दिवाळीतले देणे

आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची पूजा करतो आणि त्या दिवसाला वसुबारस म्हणतो. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर त्याच तिथीला वाघबारस असते. लाकडावर किंवा दगडावर कोरलेल्या वाघदेवाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, कोंबड्याचा मान दिला जातो. गुरे मारणाऱ्याच्याच पाया पडायचे यात भीती आहेच, पण नुसती भीती नाही. गुरे रानात चरली, गुराखी सुखरूप परतले, त्याची ही पोच आहे. सूर्या नदीकाठच्या कासा परिसरातली दिवाळी समजून घ्यायची, तर लक्ष्मीपूजनाच्या पाटापाशी न बसता या वाघापासून सुरुवात करावी लागते.

या दिवाळीचे पंचांग शेतात असते. हळवे भात तयार झालेले, गरवे अजून उभे. शेतात काही पिकले म्हणून लगेच तोंडात टाकायचे नाही, असा दंडक. आधी देवांचा घास, वाडवडिलांचा घास, मग घरच्यांचा. धान्याची देवी कणसरी. तिची कथा भगत घांगळीच्या साथीने गातात. काकडी किसून तांदळाच्या पिठात घालायची आणि पानांत उकडायची, कंद उकडायचे, हे फराळाचे पदार्थ. त्यांतले बहुतेक शेताने आणि रानाने दिलेले. गुरांच्या अंगावर गेरू चढतो. भात पिकू लागल्यापासून तारपा वाजत असतो. वाळलेला भोपळा, बांबू, मेण आणि ताडाचे पान यांचे हे वाद्य. नाचणारे वादकाभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करीत नाहीत. जिवा सोमा मशे यांनी जगभर नेलेल्या चित्रांतले ते वेटोळे याच नाचाचे. मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे.

इथवर सगळे सुंदर आहे आणि दिवाळी अंकांतून अनेकदा लिहूनही झाले आहे. इतिहासाचा प्रश्न पुढे सुरू होतो. ज्या भाताबद्दल कणसरीचे आभार मानायचे, ते भात जायचे कोणाच्या कणगीत?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तालुक्यांतली बहुतांश चांगली जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेली होती. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की वारली खावटी उचलायचा. पीक आले की ती सवाई-दिढीने फेडायची, शिवाय खंड द्यायचा आणि मालक बोलावील तेव्हा वेठीला जायचे. लग्नासाठी कर्ज घेणारा नवरा-बायकोसह राबू लागे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीची जी पाहणी केली, तिच्यात या पिळवणुकीची नोंद आहे. खावटी देणारा अन्नदाता ठरे आणि पिकवणारा त्याचा ऋणी. दिवाळीतल्या वारली विधींत मात्र या अन्नदात्याला जागा नाही. तिथे वाघ आहे, कणसरी आहे, गावदेव आहे, मेलेली माणसे आहेत. आपण कोणाचे देणे लागतो याचा हिशेब समाजाने सावकाराच्या वहीबाहेर वेगळा ठेवला होता, असे मी या विधींचे वाचन करतो.

१९४५ साली हे दोन हिशेब समोरासमोर आले. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. २३ मे रोजी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि यापुढे वेठ करायची नाही असे ठरले. पावसाळा सरला, गवतकापणी आली. डहाणू भागातले गवत हा मोठा व्यापार होता. ५०० रतल गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत, ही मागणी पुढे आली आणि संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या हजारोंवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. त्यानंतर महिन्याच्या आत दिवाळी होती.

एका घराने कामावर न जाणे म्हणजे उपासमार. सगळ्या पाड्यांनी न जाणे म्हणजे संप. ही एकजूट लाल बावट्याने संघटित केली, हे खरेच. पण एकमेकांच्या शेतात पाळीने राबणारा, देवाचे सामायिक करणारा समाज तिला आयता मिळाला होता. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाच्या नावातला माणूस एकटा नव्हता.

वेठ गेली. १९४८चा कूळकायदा आला, पुढे १९७६ साली वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली. तरीही आज या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. सणाच्या तोंडावर घेतलेली उचल पुढे अंगमेहनतीने फेडायची असते. खावटीचे नाव बदलले, ऋतूही बदलला. दिवाळी मात्र पुन्हा देण्याघेण्याच्या मधोमध आली.

म्हणून वाघबारशीकडे निसर्गपूजेचा गोड नमुना म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. ज्याने दिले त्याचे मानायचे. ज्याने घेऊन त्यातलेच थोडे परत केले, त्याचे मानायचे नाही. हा फरक ज्या समाजाने सणात जपून ठेवला, त्याला तो १९४५ साली कोणी नव्याने शिकवावा लागला नसेल.