सांगता न येणारे दुखणे ओळखण्याचे शिक्षण

ऑलिव्हर मॅकगोवन हा इंग्लंडमधील अठरा वर्षांचा तरुण. त्याला अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि सौम्य स्वरूपाची बौद्धिक अक्षमता होती. तरीही तो फुटबॉल खेळत असे आणि धावण्याच्या शर्यतींत भाग घेत असे. ऑक्टोबर २०१६मध्ये फिट्स येऊ लागल्याने त्याला ब्रिस्टॉल येथील एका रुग्णालयात दाखल करण्यात आले. मनोविकारांवरील विशिष्ट प्रकारची औषधे आपल्याला सोसत नाहीत, ती देऊ नयेत, असे त्याने स्वतः आणि त्याच्या आई-वडिलांनीही डॉक्टरांना सांगितले होते. फिट्समुळे तो घाबरून गेला होता, अस्वस्थ होता. ही अस्वस्थता आवरण्यासाठी त्याला ओलान्झापिन हे नेमके त्याच गटातील औषध देण्यात आले. त्यानंतर औषधाची दुर्मीळ पण घातक प्रतिक्रिया उमटली, मेंदूला सूज आली आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑलिव्हरचा मृत्यू झाला.

२०१८मध्ये झालेल्या मृत्यूच्या न्यायिक चौकशीत औषध देण्याचा निर्णय योग्य ठरविण्यात आला. मात्र २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र अहवालाने हा मृत्यू टाळता येण्यासारखा होता, असा निष्कर्ष काढला. दरम्यान ऑलिव्हरची आई पॉला मॅकगोवन यांनी ब्रिटिश संसदेकडे एक अर्ज केला होता. डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्या रुग्णांविषयीचे प्रशिक्षण सक्तीचे करावे, एवढीच त्यातील मागणी होती. अर्जावर पन्नास हजारांहून अधिक सह्या झाल्या, संसदेत चर्चा झाली आणि अखेर २०२२च्या आरोग्य व सेवा कायद्यात ही तरतूद आली. १ जुलै २०२२पासून इंग्लंडमधील नोंदणीकृत आरोग्य आणि सेवा संस्थांवर कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामाला साजेसे असे प्रशिक्षण देण्याचे बंधन आहे. त्यासाठी शासनाने पुरस्कारलेल्या अभ्यासक्रमाला ऑलिव्हरचेच नाव देण्यात आले आहे.

निदानावर पडणारी सावली

रुग्णालयातील माणसे निर्दय असतात, म्हणून असे घडते असे नव्हे. वैद्यकीय परिभाषेत या चुकीला 'डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग' म्हणतात. रुग्णाच्या केसपेपरवर बौद्धिक अक्षमतेची नोंद एकदा झाली, की तिची सावली पुढच्या प्रत्येक लक्षणावर पडते. एखादा तरुण भिंतीवर डोके आपटू लागतो. 'ही मुले असेच करतात' म्हणून त्याला शांत करणारे औषध दिले जाते. दाढ किडली आहे का, कान फुटला आहे का, हे कोणी पाहतच नाही. डाउन सिंड्रोम असलेली चाळिशीची स्त्री मंद होत जाते, कामात लक्ष घालेनाशी होते. तिचा थायरॉइड कमी पडला असेल, मोतीबिंदू झाला असेल, ऐकू येईनासे झाले असेल, नैराश्य आले असेल किंवा तिच्याबाबतीत लवकर सुरू होऊ शकणारा स्मृतिभ्रंश असेल. पहिल्या चार गोष्टींवर उपचार आहेत, पण तपासणी झाली तर.

साधी बद्धकोष्ठता हेही यातलेच एक उदाहरण. कमी हालचाल, अपस्मारावरील आणि मनोविकारांवरील काही औषधे, पाणी कमी पिणे यांमुळे या रुग्णांना ती सहज होते. पोट दुखते हे सांगता न आल्याने ती आतडे बंद होण्यापर्यंत जाते आणि त्यातून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे इंग्लंडमधील मृत्यूंच्या आढाव्यांत नोंदलेली आहेत. घास गिळण्यातील दोषामुळे अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा दुसरा मोठा शत्रू.

या दुर्लक्षाची पहिली मोठी वाच्यता 'मेनकॅप' या संस्थेने २००७मध्ये 'डेथ बाय इंडिफरन्स' या अहवालातून केली. त्यात सहा जणांच्या मृत्यूची हकिगत होती. त्यातील एक ४३ वर्षांचे गृहस्थ पक्षाघातानंतर रुग्णालयात २६ दिवस अन्नावाचून होते. त्यांना गिळता येत नव्हते आणि दुसऱ्या मार्गाने अन्न देण्याची व्यवस्था कोणीच वेळेत केली नाही. पुढे ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या पथकाने २४७ मृत्यूंची बारकाईने छाननी केली. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे, तर स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावतात, असे त्यांच्या २०१३च्या अहवालात दिसून आले. २०२२मधील मृत्यूंच्या आढाव्यातही चित्र फारसे उजळलेले नव्हते. त्या वर्षी अशा व्यक्तींचे ४२ टक्के मृत्यू टाळता येण्याजोगे गणले गेले. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण २२ टक्के होते.

शिकवितात कोण?

या प्रशिक्षणाचे दोन स्तर आहेत. दोन्हींची सुरुवात सुमारे दीड तासाच्या संगणकावरील पाठाने होते. स्वागतकक्षातील कारकुनासारख्या, केवळ सर्वसाधारण जाण हवी असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी पुढे तासाभराचे ऑनलाइन सत्र असते. प्रत्यक्ष उपचार व शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मात्र पूर्ण दिवसाचा, समोरासमोरचा वर्ग असतो. खरे वेगळेपण आहे ते शिक्षकांत. वर्ग घेणाऱ्यांमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली एक व्यक्ती आणि स्वमग्न असलेली एक व्यक्ती असावीच लागते, आणि या कामाचा त्यांना मोबदला मिळतो. ज्याच्याविषयी आजवर त्याच्या डोक्यावरून बोलले गेले, तोच फळ्यासमोर उभा राहून डॉक्टरांना सांगतो, की तुम्ही माझ्याऐवजी माझ्या आईकडे पाहून प्रश्न विचारता तेव्हा मला काय वाटते. पुस्तकातील प्रकरणापेक्षा हा पाठ अधिक टिकत असेल, तर त्यात नवल नाही.

शिकविल्या जाणाऱ्या गोष्टी वरवर अगदी साध्या आहेत. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. 'दुखते का?' असे विचारण्याऐवजी चित्र किंवा बाहुली दाखवून कुठे ते दाखवायला सांगावे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वेदनेची खूण घरच्यांकडून समजून घ्यावी, कारण कोणी दुखले की ओरडतो, तर कोणी एकदम गप्प होतो. गर्दीची ओपीडी आणि प्रखर दिवे सोसत नसतील, तर पहिली किंवा शेवटची वेळ द्यावी. सुई टोचण्याआधी ती दाखवावी, हवे तर आदल्या दिवशी वॉर्ड दाखवून आणावा. २०१०च्या समानता कायद्यानुसार असे वाजवी बदल करणे हे ब्रिटनमधील रुग्णालयांचे कर्तव्यच आहे.

संमतीचा धडा अधिक अवघड. इंग्लंडच्या २००५च्या कायद्याप्रमाणे सोळा वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती निर्णय घेण्यास सक्षम आहे असे गृहीत धरायचे असते. ती सक्षम नाही हे त्या त्या निर्णयापुरते दाखवून द्यावे लागते. एखाद्याला पैशांचे व्यवहार कळत नसतील, म्हणून दात काढायचा की नाही हे त्याला कळणारच नाही, असे मानता येत नाही. औषधांच्या अतिवापरावरही भर दिला जातो. योग्य निदान नसताना रोज मनोविकारांवरील औषधे घेणाऱ्या अशा प्रौढांची संख्या इंग्लंडमध्ये ३० ते ३५ हजार असावी, असा अंदाज तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५मध्ये वर्तविला होता.

दहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांनी संगणकावरील पाठ पूर्ण केला आहे. परंतु तो पाठ म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तो केवळ पहिला टप्पा आहे. माऊसच्या चार टिचक्यांत मिळणारे प्रमाणपत्र भिंतीवर लावणे सोपे, दिवसभराच्या वर्गासाठी नर्सला वॉर्डातून मोकळे करणे कठीण. प्रशिक्षण नेमके कसे असावे हे सांगणारी आचारसंहिता सप्टेंबर २०२५मध्ये, म्हणजे कायद्यानंतर तीन वर्षांनी, अंतिम झाली.

आपल्याकडचा कायदा

भारतात या संदर्भातील तरतूद इंग्लंडच्याही आधीची आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४७व्या कलमात डॉक्टर, नर्स आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सर्व अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा घटक समाविष्ट करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आशा आणि अंगणवाडी सेविकांचाही त्यात उल्लेख आहे. २०१९मध्ये एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात दिव्यांगत्वाशी संबंधित कौशल्यांना स्थान मिळाले. मात्र सेवेत असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला असे शिक्षण मिळालेच पाहिजे आणि ते दिव्यांग व्यक्तींनीच द्यावे, असे बंधन या कायद्यात नाही.

त्याची गरज महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. १९९४मध्ये शिरूर येथील सरकारी वसतिगृहातील, त्या काळी सर्रास 'मतिमंद' म्हटल्या जाणाऱ्या, मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्यातील सरकारी रुग्णालयात काढून टाकण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले होते. स्त्री संघटनांनी रान उठविल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या स्त्रियांना पाळीविषयी शिकविता येईल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेनंतर विचारला गेला. २००९मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असे बजावले.

आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते. सवलतीसाठी ती उपयोगी पडते, पण या माणसाला दुखले की तो काय करतो, हे त्यावरून कोणत्याही डॉक्टरला कळत नाही. इंग्लंडमध्ये त्यासाठी 'हॉस्पिटल पासपोर्ट' नावाचे दोन-चार पानी टिपण वापरले जाते. ते तयार करण्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही. पालकांना ते घरच्या घरी मराठीत लिहिता येते. कोणती औषधे सोसत नाहीत, फिट कशी येते, गिळताना ठसका लागतो का, हो-नाही कसे सांगतो, वेदना कशी दाखवितो, कशाने घाबरतो आणि कोण जवळ असले की शांत होतो, एवढे त्यात असावे. त्याची एक प्रत केसपेपरला जोडावी, दुसरी वॉर्डातील नर्सकडे द्यावी. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होत असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाची गरज आहे का, याची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे आधीच करून ठेवावी. अठराव्या वर्षानंतर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याची वेळ आल्यावरच समजते.