रीड-ओन्ली फाइल सिस्टिमवरही काही फाइल्समध्ये लिहिता कसं येतं?

टर्मक्समधून फोनच्या 'सिस्टिम' फोल्डरमध्ये नवी फाइल बनवून बघा. बहुतेक वेळा 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असं उत्तर येईल. लिनक्समध्ये या एररचा नंबर 30, आणि त्याचं नाव 'ईआरओएफएस'. गंमत म्हणजे अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टिमचा भाग ज्या फॉरमॅटमध्ये असतो, त्याचंही नाव हेच!

पण ही बंदी सगळ्या फाइल्सना लागू नाही. लिहिण्याची परवानगी तपासताना लिनक्स कर्नल आधी फाइलचा प्रकार बघतो. साधी फाइल, फोल्डर किंवा सिमलिंक असेल तर रीड-ओन्लीचा नियम लागतो. डिव्हाइस फाइल, पाइप किंवा सॉकेट असेल तर लागत नाही.

असं का? भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तर पितळी गुंडाच घ्या. त्यावर कोरलेलं नाव पुसता येत नाही, पण म्हणून आत पाणी ओतायचं थांबतं का? डिव्हाइस फाइल तशीच. डिस्कवर तिचं फक्त नाव, परवानग्या आणि दोन नंबर असतात ('डेव्ह-नल'चे 1 आणि 3). तुम्ही लिहिलेला डेटा त्या डिस्कवर जातच नाही, थेट ड्रायव्हरकडे जातो. मात्र त्या फाइलचं नाव बदलणं, ती डिलीट करणं किंवा परवानग्या बदलणं म्हणजे कोरीव अक्षरांना हात लावणं. तिथे एरर 30 येणारच.

ही सूट गरजेपोटी आली. पूर्वी 'डेव्ह' फोल्डर मुख्य डिस्कवरच असायचं आणि बूट होताना डिस्क तपासण्यासाठी ती आधी रीड-ओन्ली जोडली जायची. कन्सोलच्या फाइलमध्येच लिहिता आलं नसतं, तर तपासणीचे मेसेज स्क्रीनवर दिसले कसे असते? आता अँड्रॉइडमध्ये 'डेव्ह' रॅममध्ये तयार होतं, त्यामुळे तिथे ही अडचण उरलेली नाही.

आता कामाची गोष्ट. पेन ड्राइव्हवरून लग्नाचे फोटो उडाले, म्हणून लिनक्स लॅपटॉपवर तुम्ही तो रीड-ओन्ली जोडला. डेटा सेफ झाला? पूर्ण नाही. ते कुलूप फाइल सिस्टिमला आहे, ड्राइव्हला नाही. रूट परवानगीने चुकून त्याच ड्राइव्हच्या डिव्हाइस फाइलमध्ये 'डीडी' कमांड चालवलीत, तर फोटो कायमचे गेले, कारण बऱ्याच सिस्टिम्स तिथे अडवत नाहीत. शिवाय ड्राइव्ह ईएक्सटी4 असेल, तर रीड-ओन्ली जोडतानाही अपुरा जर्नल पूर्ण करायला त्यावर लिहिलं जाऊ शकतं. म्हणून आधी 'ब्लॉकडेव्ह'च्या 'सेट-आरओ' पर्यायाने अख्खा ड्राइव्हच रीड-ओन्ली करा. मग त्याची इमेज दुसऱ्या डिस्कवर काढा आणि रिकव्हरी त्या कॉपीवरच करा.

उलट धोकाही आहे. अनोळखी पेन ड्राइव्हवर कोणी तुमच्या हार्ड डिस्ककडे नेणारी डिव्हाइस फाइल बनवून ठेवली असेल, तर रीड-ओन्ली जोडून ती थांबणार नाही. त्यासाठी 'नोडेव्ह' हा वेगळा पर्याय लागतो. तुमच्या फोनचा 'डेटा' भाग नोडेव्ह लावूनच जोडलेला असतो. खात्री करायची तर टर्मक्समध्ये 'माउंट' टाइप करून 'डेटा'ची ओळ शोधा.